ओली दिसणारी फरशी

पाणी वाळलं तसा रंगही गेला. अंगणात निंबाच्या सावलीत उकिडवी बसलेली प्रमिला हातातल्या फरशीकडे बघतच राहिली. सकाळी रतिलालशेठच्या कारखान्यात हीच फरशी तिने पसंत केली होती. शेठने पिंपातून तांब्याभर पाणी घेऊन तिच्यावर ओतलं, तळव्याने पसरवलं, आणि तो मातकट चौकोन एकदम जिवंत झाला. पांढऱ्यावर हिरवे, काळे, मधूनच डाळिंबी खडे, स्वच्छ नदीत वाकून तळ बघावा तसे. "पॉलिश झालं म्हणजे कायमची अशीच दिसेल बघा, बाई. कोरडी असून ओली," शेठ म्हणाला होता, आणि तिच्या तोंडून 'चालेल' निघून गेलं होतं. आता जळगावच्या एप्रिलच्या उन्हात ते पाणी डोळ्यांदेखत उडालं आणि हातात राहिला राखेच्या रंगाचा एक जड तुकडा. तिने रांजणातलं ओंजळभर पाणी आणून पुन्हा टाकलं. नदी आली. ती बघत बसली. कडेकडेने नदी आटत मध्ये आली, मधला एक डाग तेवढा उरला, मग तोही गेला. खरी कुठली? ओतल्यावर दिसते ती, की आपोआप राहते ती? आणि पॉलिश म्हणजे तरी काय, ते पाणी किती वर्षं टिकतं, हे तिने विचारलंच नव्हतं. हे विचारायचं असतं हे तिला घरी आल्यावर सुचलं. अभिमनराव असते तर, असं मनात आलं आणि तिने जीभ चावली. अभिमनराव होते. आतल्या खोलीत, खाटेवर, होतेच की.

ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात, कालव्यांच्या आणि पाटचाऱ्यांच्या कामांवर गेली. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांनी जळगावातलं हे जुनं घर भाडेकरूंकडून मोकळं करून घेतलं, मागे स्वयंपाकघर आणि मोरी वाढवायला काढली, आणि जुनी शहाबादी उखडून सगळ्या घराला नवी फरशी घालायचं ठरवलं. काम नूर महंमद मिस्त्रीला दिलं. भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला. "फरशीचं मी बघतो. कोणी काही आणू नका," एवढं बोलून ते सोमवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला कामावर गेले. कोणती फरशी ते सांगून गेले नाहीत. सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्याच आठवड्यात साइटवरून खात्याची जीप त्यांना क्वार्टरवर घेऊन आली. क्वार्टरमधलं सामान आवरायला प्रमिलाही त्यांच्यामागून तिथे गेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कोणाचा असावा तसा पडलेला. लोकांनी पलंगावर निजवलं. काय करावं ते न सुचून ती त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागली, कारण तेवढंच तिला येत होतं, आणि ते म्हणाले, "राहू दे." स्पष्ट म्हणाले. नेहमीच्या आवाजात. तिला वाटलं, फार काही झालेलं नाही.

तो शब्द मग राहूनच गेला. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांची जीभ हळूहळू हलायला लागली तेव्हा तिच्यावर तेवढाच एक शब्द होता. पाणी देऊ का? राहू दे. दुखतंय का? राहू दे. मी कोण? राहू दे. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिला बाहेर बोलावून सांगितलं, "त्यांना समजतं बरंच, पण निघतं तेवढंच. त्या शब्दात अर्थ शोधत बसू नका, तुम्हालाच त्रास होईल." ती हो म्हणाली. पण संसार केलेल्या माणसाच्या शब्दात अर्थ शोधायचा नाही म्हणजे काय करायचं? आणि शब्द तरी कसला. ही राहू दे म्हणजे हीच घे. राहू दे आता, म्हणजे नको, सोड. दोन्ही त्यातच. आणि कधी कधी संध्याकाळी ते भिंतीकडे बघत आपले आपणच म्हणायचे तेव्हा त्यात तिसरंच काही असायचं, मला राहू दे, असं. बूट काढताना म्हणाले होते तो शब्द होता, की तेव्हाच नुसता आवाज होता, हेही तिला कधी कळणार नव्हतं.

फरशी घेऊन ती आत गेली. अभिमनराव डाव्या कुशीवर होते. तिने त्यांना उठवून तक्क्याला टेकवलं, फरशी ओली करून मांडीवर ठेवली. "ही घेऊ का?"

"राहू दे."

"म्हणजे घेऊ? की नको?"

"राहू दे," ते म्हणाले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली ती तिने पदराने टिपली. मग तिने कारखान्यातून आणलेला दुसरा नमुना, साधा करडा, बिनखड्याचा, शेजारी ठेवला. त्यांनी डावा हात उचलला. हात पहिल्या फरशीवरून फिरला, दुसरीवर गेला, तिथे तेवढाच वेळ राहिला, पुन्हा पहिलीवर आला आणि मग मांडीवर निजला. ज्या माणसाने उभ्या जन्मात माल पास केला आणि नापास केला, त्याच्या हाताने काहीच सांगितलं नाही. तिला साक्रीकडचं एक पुलाचं काम आठवलं. लग्न नवं होतं आणि ती हट्टाने त्यांच्याबरोबर साइट बघायला गेली होती. ट्रकभर दगड येऊन पडला होता. अभिमनराव एकेका दगडावर हातोडी मारत, मान कलती करून ऐकत चालले होते. तिला वाटलं, हे वाद्यं लावताहेत. "बद्द वाजतो. परत न्या," ते म्हणाले, आणि ठेकेदार त्यांच्यामागे अर्धा मैल चालत आला तरी त्यांनी मान वळवली नाही. येताना जीपमध्ये तिने विचारलं होतं, तुम्हाला कसं कळतं? ते हसले होते. "कळतं." एवढंच. त्या एका शब्दाच्या आडोशाला ती इतकी वर्षं निर्धास्त राहिली. आपल्याला कळत नाही याची तिला लाज वाटली नाही, कारण कळणारं माणूस घरात होतं.

दारात नूर महंमद उभा होता. खांद्यावरच्या रुमालाने मान पुसत होता. त्याच्या दाढीत सिमेंट होतं. "भाभी, गाडी उद्या भरणार. बदलायची असेल तर आजच बोला. एकदा माल उतरला की शेठ परत घेत नाही."

"तुम्हाला काय वाटतं, मिस्त्री?"

"माझं काय. पांढरी लावली तर पांढरी, करडी लावली तर करडी." तो खाटेकडे बघून जरा घुटमळला. "साहेब काय बोलले?"

"साहेब..." ती म्हणाली आणि फरशी उचलून बाहेर घेऊन गेली.

आजपर्यंत तिने काही निवडलंच नव्हतं. सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेला. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, धुळे. गाव बदलायचं, पण भिंती त्याच पिवळ्या, दारं तीच हिरवी, आणि खाली तीच करडी सिमेंटची जमीन. खात्याने ठरवलेला रंग. त्यात एक सुख होतं, आवडो न आवडो, आपल्यावर काही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अभिमनराव तिला धुळ्यात आग्रा रोडवरच्या दुकानात घेऊन गेले तेव्हा तिने एक साडी धरली होती, जांभळी, मोरपंखी काठांची. पदर हातात घेतला तेव्हा तिला काय झालं होतं ते तिला आजही सांगता आलं नसतं. पोटात हललं होतं. अभिमनरावांनी साडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे नेलं. "रंग जाईल," ते म्हणाले आणि विटकरी रंगाची दुसरी घेतली. ती विटकरी साडी इतकी वर्षं टिकली की तिची शेवटी लेकीच्या बाळंतपणात दुपटी झाली. ते बरोबर होते. नेहमीच बरोबर असायचे. पण त्या जांभळीचा रंग खरंच गेला असता का, हे काही कोणाला कळलं नाही. आज सकाळी शेठने पाणी ओतल्यावर पोटात तेच हललं होतं. तसंच्या तसं. म्हणूनच तिला भीती वाटत होती. करडी घ्यावी तर ती घेताना काहीच होत नव्हतं, आणि अभिमनरावांनी निवडलेली प्रत्येक वस्तू बघताना तिला असंच काहीच होत नसे. मग हीच त्यांनी घेतली असती का?

दुपारी तिने शेजारच्या लताबाईंच्या दुकानातल्या फोनवरून रतिलालशेठला सांगितलं, पांढरी नको, करडी द्या. संध्याकाळी लताबाईंकडे चैत्राच्या हळदीकुंकवाला गेली आणि पाय पुसताना त्यांची फरशी बघत राहिली. करडीच होती. वापरून वापरून दारापाशी तिच्यावर पाऊलवाट पडल्यासारखं झालं होतं. "कशी वाटते हो ही, रोज बघायला?" तिने विचारलं. लताबाई हसल्या. "फरशीकडे कोण बघतं, वहिनी? खाली असते ती." पन्ह्याचा पेला हातात धरून प्रमिलेच्या मनात आलं, आपल्या घरात एक माणूस आहे जे आता दिवसभर खालीच बघत असतं. मान नीट वर होत नाही त्यांची. त्यांना आता आढं नाही, खिडकीबाहेरचा निंब नाही, जे काही बघायचं ते फरशीच. राखेकडे बघत बसायचं का त्यांनी? घरी जायच्या आधी तिने पुन्हा फोन लावला. शेठने पलीकडे वहीतलं आधीचं खोडलं. मग म्हणाला, "बाई, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का विचारायला?"

"आहेत ना," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं. पांढरी."

माल आला, आणि काम सुरू झालं. फरशी बसत गेली ती तशीच, मेलेल्या रंगाची. नूर महंमद सांगत होता, "भाभी, मशीन फिरेपर्यंत काही बोलू नका. आत्ता बघूच नका." पण बघायचं नाही तर जायचं कुठे? घरभर सिमेंटची धूळ, भाकरीच्या पिठातही ती. ती वाकून एखाद्या फरशीवर थुंकी लावून बघायची, कोणी बघत नाहीसं पाहून. दाण्याएवढा रंग उमटायचा. आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी तिच्यापुढे येऊन उभं राहायचं. ओट्याला कडप्पा काळा की हिरवट? भिंतीला डिस्टेंपर की ऑइलपेंट? मोरीत चकचकीत टाइल्स की सिमेंटचाच घोटा? पूर्वी घरात प्रश्न आले की ते अभिमनरावांच्या खुर्चीकडे जायचे, वासरं गोठ्याकडे वळावीत तसे. आता ते वळून तिच्याकडे येत होते आणि ती मागे सरायची तर मागे भिंत होती, तिलाही अजून रंग ठरायचा होता. फिकट निळा सांगितला. दोन हात झाले तेव्हा तो दवाखान्यातला निळा आहे असं वाटून पिस्ता करायला लावला. पिस्ता झाल्यावर निळा आठवत राहिला. लताबाईंच्या दुकानावर सुरतेहून लेकीचा फोन आला, "मम्मी, सगळे हल्ली व्हाइटच करतात," आणि त्या दिवशी प्रमिला सबंध दुपार मोरीच्या दारात बसून होती. चुकीचं ठरतंय की बरोबर, हे सांगणारं कोणी नसलं की दोन्हींना एकच चव लागते, एवढंच तिला कळलं.

मशीन येणार म्हटल्यावर अभिमनरावांना जुन्या जळगावात त्यांच्या थोरल्या बहिणीकडे हलवलं. तानुबाई विधवा, तोंडाची फटकळ, पण भावावर जीव. रिक्षातून उतरवून घेताना तिने भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि प्रमिलेकडे वळली. "काय वं प्रमिला, माणूस खाटवर पडेल शे नि तुले फरश्या सुचतस?"

"त्यांनीच काढलेलं काम आहे, अक्का. अर्धं कसं ठेवू?"

"अर्धं ऱ्हातं त काय बिघडतं?" तानुबाई म्हणाली. खरंच काय बिघडलं असतं? पण काम थांबलं असतं तर ते ज्या दिवशी धुळ्याला गेले तो सोमवार तसाच घरात उभा राहिला असता, उखडलेल्या जमिनीसकट. हे अक्काला अहिराणीत सांगता आलं नसतं आणि मराठीतही.

मशीन फिरली. घरभर करडा चिखल वाहिला, कान बधिर झाले, पुन्हा फिरली, पुन्हा चिखल. पॉलिशवाल्या माणसांनी शेवटचा हात मारून, धुऊन, पुसून घर मोकळं केलं आणि नूर महंमद कधी नव्हे तो दाराबाहेर चप्पल काढून आत आला. "बघा भाभी," तो म्हणाला. ती बघत होती. नदी आली होती आणि वाळत नव्हती. खिडकीचा चौकोन जमिनीवर उतरला होता, त्यात निंबाची फांदी हलत होती. सगळे गेल्यावर ती एकटीच घरभर अनवाणी हिंडली. तळव्यांना गार लागत होतं. मे महिन्याच्या दुपारी, कूलर नाही, पंखा नाही, आणि पायाखाली गार. मधल्या खोलीत ती थांबली, खाली वाकली. तिचा चेहरा खड्यांखड्यांतून वर येत होता, डोळे नीट दिसत नव्हते पण कपाळावरचं कुंकू दिसत होतं. ती हसली. मग तिला वाटलं, आपण कोणाचं तरी काही चोरून आणलंय आणि ते आपल्याला शोभतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूर महंमद आणि रिक्षावाला दोघांनी धरून अभिमनरावांना ओट्याच्या पायऱ्या चढवल्या. मागून तानुबाई. अभिमनरावांच्या डाव्या हातात काठी होती, व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाने दिलेली. तो म्हणायचा, यांना दिवसातून निदान खाट ते मोरी चालवा, नाहीतर उजवा पाय कायमचा जाईल. आणि ते चालायला लागले होते, ओढत, काठी टेकत, पण आपले आपण. उंबऱ्याशी ते थांबले. खाली बघत राहिले. प्रमिला आतल्या बाजूला उभी होती, मुलीने परीक्षेचा कागद दाखवावा तशी. त्यांनी काठीचं टोक फरशीला लावलं, हलकेच, आणि उचलून बघितलं. ओलं झालंय का ते बघत होते.

"कोरडी आहे, अहो," ती म्हणाली. "पाणी नाही ते. पॉलिश आहे."

"राहू दे," ते म्हणाले.

"या ना. या आत."

त्यांना धरणारे दोघे अरुंद दारातून एकदम आत येऊ शकत नव्हते. नूर महंमदने हात सोडला तो क्षणभरच. अभिमनरावांनी काठी आत टेकली, भार दिला, आणि काठी सरकली. आवाज फार झाला नाही. उजव्या अंगावर, ज्या अंगाला दुखलेलंही धड कळत नव्हतं, त्या अंगावर ते आडवे झाले आणि त्यांचा गाल त्या गार, सुंदर, खड्याखड्यांच्या फरशीला लागून राहिला. डोळे उघडे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, जवळून फरशीकडे बघत होते. तानुबाईने बोंब ठोकली. "माय वं! भाऊ! दखा वं, बठ्ठं घर काचनं करी टाकं हिनी!"

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, नशीब म्हणाले. पण त्या दिवसापासून अभिमनरावांनी खाट सोडली नाही. उठवायला गेलं की डावा हात खाटेच्या पाटीला असा धरायचे की बोटं पांढरी पडायची. व्यायामवाला रागावला, त्याने चुचकारलं, शेवटी गेला. जाताना दारात म्हणाला, "बाई, हे असंच राहिलं तर पाय गेला समजा." तिने खाटेपासून मोरीपर्यंत सतरंजी घातली, ती फरशीवरून होडीसारखी सरकायची. पोती घातली, त्यांत काठी अडकायची. काठीच्या टोकाला सायकलच्या टायरचा तुकडा बांधला, पण ते काठीच हातात घेईनात. ती पलंगपोस बदलायची, भांडं द्यायची, भांडं न्यायची. त्या घरात ती दिवसभर जे काही करायची ते खाली तिच्याबरोबर उलटं होऊन चालायचं. लताबाई बघायला येऊन गेल्या. "काय सुंदर झालीय हो फरशी!" म्हणाल्या, आणि प्रमिलेने चहा ठेवला. करडी घेतली असती तर? करडीलाही मशीन लागलीच असती. घोटा ठेवला असता तर? शहाबादी उखडलीच नसती तर? ती मागे मागे जात राहायची, एकेक निर्णय उलटा करत, सोमवारच्या एसटीपर्यंत, आणि तिथे त्यांनी पायरीवरून वळून म्हटलेलं ऐकू यायचं, फरशीचं मी बघतो. त्यांच्या मनात कोणती होती? त्यांच्या मनातल्या फरशीवर काठी सरकली नसती, याबद्दल तिला शंका नव्हती. तिला जे आवडलं त्यावर ते पडले. पोटात हललं होतं तेव्हाच कळायला हवं होतं. तिने एकदा त्यांना विचारलंही, भाकरी दुधात कुस्करून भरवताना, सहज विचारल्यासारखं. "रागावलात का माझ्यावर?" ते म्हणाले ते ठरलेलंच होतं, आणि तिने घास पुढे केला.

एके सकाळी रस्त्यावरून आरोळी आली. "टाकी लावा, टाकीऽ! पाटा, वरवंटा, जातंऽ!" पाठीला पोर बांधलेली एक बाई, डोक्यावर छिन्नी-हातोड्याची झोळी. प्रमिला दाराशी आली ती पाट्यासाठी. पाटा खरंच गुळगुळीत झाला होता, त्यावर चटणी नुसती घसरत होती. बाई ओट्यावर फतकल मारून बसली आणि टिक टिक करत दगडाला दात पाडायला लागली. प्रमिला बघत होती. गुळगुळीत दगडावर एक एक पांढरा खड्डा उठत होता, ओळीने, जवळजवळ, आणि बाईने शेवटी त्यावरून तळवा फिरवला तेव्हा खरखर वाजलं. ती खरखर प्रमिलेच्या अंगातून गेली.

"आत या," ती म्हणाली. "आत एक काम आहे."

टाकीवाली मधल्या खोलीत येऊन उभी राहिली, आणि फरशीवर आपले धुळीचे पाय बघून मागे सरकली. "कुठाय जातं?"

"जातं नाही. हे." प्रमिलेने खाटेकडून मोरीच्या दाराकडे हात केला. "इथून तिथपर्यंत. हातभर रुंद. टाकी लावा."

"या नव्या फरशीला?" बाईने तिच्याकडे असं बघितलं की घरात दुसरं शहाणं माणूस कोण आहे ते ती शोधत असावी. "कोण लावतं का, बाई? खराब होईल. परत नीट नाही होत ते."

"होऊ दे."

"नंतर मला बोलाल."

"नाही बोलणार. लावा."

बाईने पोर सोडून भिंतीशी ठेवलं, खोलीच्या मधोमध बैठक मारली आणि पहिला घाव घातला. प्रमिलेने डोळे मिटले. डाळिंबी खडा फुटला असेल की हिरवा, असं उगाच मनात आलं. टिक. टिक. टिक. डोळे उघडले तेव्हा त्या चकचकीत पाण्यावर देवीचे व्रण उठत चालले होते, धुरकट, पांढरे, आणि ते कापडाने पुसून जाणार नव्हते. बरोबर करतोय का आपण? हातभर पुरेल का? अजून थांबता येईल, हातभरच तर झालंय. बाई मोरीच्या दाराकडे सरकत होती. तेव्हा खाटेची पाटी करकरली.

अभिमनराव कोपरावर उठून बसत होते. मान कलती झाली होती, एका बाजूला, पडल्यामुळे नव्हे, ऐकत असावेत तशी. त्यांनी खाटेशेजारी इतके दिवस नुसती टेकून ठेवलेली काठी डाव्या हाताने उचलली. प्रमिला धावली, पण ते उतरत नव्हते. काठी त्यांनी समोर धरली, आडवी, आणि तिचं टोक टाकीवालीवरून बाजूला गेलं, भिंतीकडे. खाटेच्या डाव्या अंगाने मोरीपर्यंत जाणाऱ्या, पिस्ता रंगाच्या भिंतीकडे.

"काय हवंय? पोर? पोर रडतंय का?" तिने विचारलं. पोर झोपलं होतं. "भिंत? भिंतीचं काय?"

त्यांनी तोंड उघडलं, जीभ हलली, आणि तो शब्द आला, पण काठी त्याच्याबरोबर गेली नाही. काठी भिंतीच्या पायथ्याशी, फरशी जिथे भिंतीला मिळते तिथे, रोखलेली राहिली. आणि मग प्रमिलेला दिसलं. खोलीच्या मधोमध तिने वाट काढायला लावली होती, चारी बाजूंनी मोकळी, धरायला काहीही नसलेली. पडलेला माणूस मधून कशाला चालेल? तो भिंत धरून चालेल. एवढं साधं. आपल्याला सुचलं नाही.

"बाई, थांबा," ती म्हणाली. "इथे नको. तिकडे, भिंतीला लागून घ्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"आणि हे मधलं झालेलं?"

"चुकलं ते," प्रमिला म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि तिचे डोळे भरून आले, आणि तिला हसूही यायला लागलं. चुकलं होतं. कोणीतरी बघून, मान कलती करून सांगितलं होतं की हे चुकलं, परत न्या. टाकीवाली पुटपुटत झोळी उचलून भिंतीशी जाऊन बसेपर्यंत काठी खाली आली नाही.

संध्याकाळी तानुबाई आली, दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. खोलीच्या मध्यात कुठेही न जाणारा एक खरबडीत पट्टा होता आणि भिंतीकडून दुसरा, मोरीपर्यंत गेलेला. "आते हाई काय करं वं?" तिने विचारलं, पण आवाजात धार नव्हती, कारण तिचा भाऊ खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता. प्रमिला त्यांच्यापुढे वाकून होती. ते उठले. काठी त्यांनी घेतली नाही. डावा तळवा भिंतीला लावला, पाऊल खरबडीत टाकलं, थांबले, पाऊल धरलं की नाही ते बघितलं. मग उजवा पाय ओढत आणला. तळवा भिंतीवर सरकवत, थांबत, पुन्हा सरकवत ते गेले, आणि दोघी बायका खोलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मोरीच्या दाराची चौकट त्यांच्या हाताला लागली तेव्हा तानुबाईने हात जोडले.

मग ते परत यायला वळले. वळल्यावर भिंत उजव्या अंगाला गेली, ज्या हाताला काही धरता येत नव्हतं त्या बाजूला. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, प्रमिलेच्या नाही, त्यांच्याही नाही. चौकट सोडून त्यांनी डावा हात पुढे केला, आणि तिथे काही नव्हतं. हात हवेत चाचपत राहिला. प्रमिला चकचकीत फरशीवरून सावकाश, आपलाही पाय सरकू नये म्हणून बोटं रोवत गेली आणि त्या हाताखाली खांदा देऊन उभी राहिली.